बाटली रिकामी झाली तो गुरुवार

आमचे आबा बैलांना पत्र्या मारायचे. राहुरीहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावर, साखर कारखान्याच्या फाट्याला आमचं घर होतं. हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि डांबरावर चालून बैलांचे खूर झिजले की गाडीवान बैल सोडून थेट आमच्या दारात आणायचे. दुसरीकडं एक बैल पाडायला चार माणसं लागत. आबांना एक कासरा आणि माझा चुलता एवढं पुरायचं. कासरा ते पायांत असा टाकायचे की एका हिसक्यात बैल धाडकन आडवा. मग चारी पाय एकत्र आवळायचे, खूर कानशीनं घासायचा, लोखंडी पत्री बसवायची आणि खिळे ठोकायचे. बैल डोळे पांढरे करून फुरफुरत पडलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असंच काहीतरी करत असतील.

घरात आल्यावरही त्यांचा हात थांबायचा नाही. आईला ते मारायचे. त्याला कारण लागायचंच असं नाही. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून मारायचे आणि बरोबर झालं तर एवढी मिजास कशाची म्हणून मारायचे. मलाही मारायचे. शेजारपाजारचे लोक म्हणायचे, तापट हाय पन मनाचा लई चांगला हाय. त्यांचं काय जात होतं म्हणायला?

पण एक गोष्ट सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. मला नेवाशाकडं दिली होती. नवरा मारकुटा निघाला, सासू त्याच्या वरताण. एकदा त्यानं मला जळत्या लाकडानं पाठीवर मारलं. ते आबांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आबा हातोडी घेऊनच माझ्या सासरच्या अंगणात उभे राहिले. कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. नवऱ्याचा उजवा हात ओट्यावर दाबला आणि मनगटावर हातोडी घातली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "चल." वाटेत एका हॉटेलात त्यांनी मला भजी घेऊन दिली. मी सगळी खाल्ली. चार दिवसांनी भाकरी करपली म्हणून त्यांनीच मला परातीनं बदडलं. या माणसावर माया करावी की याचा राग करावा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आज सत्तरी ओलांडली तरी ठरलेलं नाही.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवाळी झाली आणि आबांचे डोळे पिवळे दिसायला लागले. मग अंग पिवळं, नखं पिवळी. आणि खाज! अशी खाज मी कुणाला पाहिली नाही. नखांनी भागेना, तेव्हा त्यांनी खूर घासायची कानस घेतली आणि पोटऱ्या घासल्या. धोतराला रक्त लागलेलं असायचं. आई म्हणाली, "आवो, कातडं निघंल." तर तीच कानस त्यांनी तिच्या अंगावर फेकून मारली.

शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा एक म्हातारा होता. काशाच्या ताटात चुन्याची निवळी ओतायची, रोग्याचे हात कोपरापासून खाली त्यात धुवायचे आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायचं. पाणी पिवळंधम्मक व्हायचं. जेवढं पिवळं, तेवढी कावीळ उतरली. ज्या दिवशी पाणी पांढरंच राहील त्या दिवशी कावीळ संपली, रोग्यानं नारळ फोडायचा आणि गोडधोड खायचं. म्हाताऱ्याच्या तळहाताला आधीच कसली तरी साल चोळलेली असते, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कुणी असं बोललं असतं तर आमच्या गावानं त्यालाच धुतला असता. आबा तीन बुधवार गेले. तिन्ही वेळा पाणी पिवळं झालं आणि आबा आणखी पिवळे झाले.

शेवटी चुलत्यानं त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. मी सातवी पास, म्हणून कागद वाचायला मला बरोबर घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं. ऑपरेशन झाल्यावर ते व्हरांड्यात आले तेव्हा चुलता औषधं आणायला गेला होता. मी एकटीच होते.

डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले. "कॅन्सर आहे. गाठीनं पित्ताची वाट दाबून टाकलीय. गाठ निघत नाही. मी पित्ताच्या पिशवीत रबरी नळी बसवलीय. पित्त त्या नळीनं बाहेर बाटलीत येईल. खाज कमी होईल, चार घास खातील. त्यांना गाठीचं सांगू नका."

"किती दिवस?" मी विचारलं.

"नळी चालली तर काही महिने. बंद पडली तर पित्त आत तुंबून पू होईल, थंडीताप येईल आणि आठ दिवसांच्या आत संपेल सगळं. म्हणून नीट ऐक. बाटलीत यायचं थांबलं की त्याच दिवशी इथं आणायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. काय सांगितलं मी?"

"त्याच दिवशी आणायचं," मी म्हणाले.

तो कॅन्सर आणि ते 'त्याच दिवशी', दोन्ही मी पोटात ठेवलं. चुलत्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या सगळ्या हॉटेलांत झालं असतं. आईला सांगायचं धाडस झालं नाही. घरी निघालो त्या दिवशी आई न्यायला आली होती. नर्सबाईंनी तिला आणि मला नळीची निगा दाखवली, तेवढंच. नळी अंगापासून खाली हलक्या हातानं पिळत आणायची. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी पिचकारीनं हळूच आत सोडायचं, जोर करायचा नाही. भोवतीची जागा रोज धुवायची, कारण पित्त कातडीला खातं.

खाज खरंच गेली. डोळे निवळले. बाटलीत रोज हिरवट काळं पित्त जमायचं आणि आबा ते लोकांना दाखवायचे. बाटली सुतळीनं कमरेला बांधून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "बघ, समदं जहर भायेर पडतंय." लोकही वाकून बघायचे. त्यांना म्हाताऱ्याचं ताट माहीत होतं, हे ताटाऐवजी बाटलीत पडतंय एवढाच फरक. मीही दुरुस्त केलं नाही. करून सांगणार काय होते?

नळी धुवायचं काम माझ्याकडं. पाणी आत गेलं की त्यांना कळ यायची आणि कळ आली की लाथ यायची. पिचकारी धरून मी कितीदा भिंतीवर आदळले. एकदा ओठ फुटला. मी शिव्या द्यायला शिकले त्या याच काळात. त्या ऐकून ते हसायचे. "माझीच हायेस," म्हणायचे. तेवढंही मला बरं वाटायचं, हे सांगायला आज लाज वाटते.

ताकद परत आली तसा हातही परत आला. एका मंगळवारी आईनं त्यांना विचारलं, डॉक्टरला पुन्हा दाखवायला कधी जायचं. एवढंच. आबा बाजेवरून उठले ते हातोडीचा दांडा घेऊनच. आईनं हात आडवे घातले. दांडा तिच्या बोटांवर बसला, दुसऱ्यांदाही बोटांवरच बसला. मी मधे पडले तर मला झिडकारून ते तिच्यावर झेपावले आणि बाजेच्या खुराला नळी अडकली. हिसका बसला. ते तिथंच ओरडून खाली बसले. नळी चार बोटं बाहेर आली होती आणि भोकातून रक्तमिश्रित पित्त वाहत होतं. आई तिच्या सुजलेल्या बोटांनीच फडकं दाबून बसली. तिची दोन बोटं मोडली होती. ती पुढं कधी सरळ झाली नाहीत.

गावातल्या कंपाउंडरला बोलावलं. त्यानं नळी तशीच थोडी आत सारली आणि वरून चिकटपट्टी मारली. "काय न्हाई होत," म्हणाला. आईच्या बोटांना त्यानं आयोडिन लावलं.

बुधवारी बाटलीत निम्मंच आलं. गुरुवारी सकाळी मी बाटली बघितली आणि तिच्या तळाला चमचाभर पांढरट पाणी होतं. बाकी काही नाही.

मी नळी पिळली. पाणी सोडायला गेले तर पिचकारी दबेना. मी ती खाली ठेवली आणि तेवढ्यात चुलता आला. त्यानं बाटली उचलून उजेडात धरली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, असा उजळला होता.

"आबा! पानी निवळलं! आरं, कावीळ उतरली!"

आबांनी बाटली त्याच्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली. मग ते उठून दारात गेले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवानांना त्यांनी बाटली उंच करून दाखवली. दहा मिनिटांत अंगण भरलं. कुणी नारळ आणला. कुणी तरी सायकलवर जाऊन त्या म्हाताऱ्यालाही घेऊन आलं. तो म्हातारा बाटलीकडं बघून असा मान डोलवत होता की जणू नळी त्यानंच बसवली होती. "मी म्हनलं हुतं न्हवं, येळ लागंल पन उतरंल?" चुलत्यानं त्याला टोपी-उपरणं दिलं. आणि चुलताच म्हणाला, शनिवारी शिंगणापूरला जाऊन देवाला तेल घालून येतो.

मला माहीत होतं. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आले की आम्ही अडाणी होतो, आम्हाला कळलं नाही. गाव अडाणी होतं. मी नव्हते. त्या अंगणात मला एकटीला माहीत होतं की हा माणूस आज नगरला गेला नाही तर मरणार आहे, आणि फाट्यावर एसटी थांबत होती.

मी तोंड उघडलं सुद्धा. पण आई चुलीपुढं बसून मोडक्या बोटांनी गूळ फोडत होती. तो आवाज, बत्त्याचा, आणि मधेच तिनं ओठ चावून धरणं. मी तोंड मिटलं. स्वतःला म्हटलं, आता एवढी माणसं जमलीत, आता कुठं अपशकुन करायचा? उद्या सांगेन.

दुपारी आबांनी बैल पाडला. दोन महिन्यांनी. एक तांबडा, मस्तीतला बैल कुणीतरी आणला होता आणि लोक नको म्हणत असताना त्यांनी बाटली कमरेला मागं सरकवली, कासरा टाकला आणि हिसका दिला. बैल पडला. त्याच्या मानेवर गुडघा देऊन ते ओरडले, "धर पाय!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. खिळे ठोकताना एक खिळा आत मांसात गेला, बैल हंबरला, रक्त उडालं, तरी आबा ठोकत राहिले. उठले तेव्हा घामानं डबडबले होते आणि दात वाजत होते. मला वाटतं, थंडी तेव्हाच सुरू झाली होती.

शुक्रवारी बाज हलत होती. तीन गोधड्या घातल्या, चुलता वरून आडवा पडला तरी अंग उडत होतं. मग ताप. कंपाउंडर आला, म्हणाला हिवताप, आणि कडू गोळ्या देऊन गेला. मी दाराला टेकून उभी होते. सांगायला हवं होतं. मी आईकडं बघितलं, आई जमिनीकडं बघत होती. मी पाणी आणायला विहिरीवर गेले आणि उगाच दोन खेपा जास्त केल्या.

शनिवारी चुलता तेल घेऊन शिंगणापूरला गेला. घरात आम्ही दोघी. आबांचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि त्यांना माणसं ओळखू येईनात. त्यांना वाटत होतं आपण कुठंतरी बैलाखाली सापडलोय. हातपाय झाडत, ओरडत त्यांनी चिकटपट्टी ओढून काढली, नळीला हात घातला. मी हात धरला तर त्यांनी माझ्या दंडाचा लचका तोडला. वण आहे अजून. तेव्हा मी कासरा घेतला. जसा त्यांना टाकताना जन्मभर बघितला होता तसाच टाकला, एका हिसक्यात त्यांना बाजेवर आडवं केलं आणि हातपाय बाजेच्या खुरांना आवळले. आईनं त्यांच्या छातीवर गुडघा दिला. माझ्या अंगात एवढा जोर कुठून आला ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर आवळताना मला बरं वाटत होतं. एका गाठीवर मी दुसरी गाठ मारली, तिची गरज नव्हती.

बांधून झाल्यावर ते एकदम लहान दिसले. मला म्हणाले, "नको ना गं आये." मला ते स्वतःची आई समजले होते. मग मात्र मी बाहेर पळाले आणि दारात ओकले.

चुलता परत येताच मी सांगितलं, आत्ता नेलं पाहिजे. का, ते सांगितलं नाही. रविवारी सकाळी एका रिकाम्या ट्रकमध्ये, बाजेसकट, बांधलेलेच, त्यांना आम्ही नगरला नेलं.

डॉक्टरांनी दोर बघितले, नळी बघितली आणि मला विचारलं, "कधी बंद झालं?"

आई माझ्या शेजारी होती. चुलता मागं.

"आज सकाळी," मी म्हणाले.

त्यांनी नळीचं तोंड पुन्हा एकदा उजेडात बघितलं. मग कागदावर लिहिलं. त्यांनी नळी काढून दुसरी घातली तेव्हा मी पाय धरायला आत होते. तिच्यातून पित्त आलं नाही, तपकिरी पू आला, आणि त्या वासानं वॉर्डातली बाई खोली सोडून गेली. आबा भुलीशिवायच सगळं सोसत होते, ओरडायचीही ताकद उरली नव्हती. डॉक्टर एकदाच म्हणाले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर." माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत. त्यांना कळलं होतं.

बुधवारी दुपारी आबा गेले. चुलता गाडी बघायला बाजारात गेला. आम्ही दोघी दवाखान्याच्या मागं, धुण्याच्या दगडापाशी बसलो होतो. ऊन होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं आणि मला भीती वाटत होती की आता मी आईला सांगणार. गुरुवारपासून ते माझ्या ओठांवर आलं होतं. आईला सांगितलं की ती मला हाकलून देईल, मारेल, काहीही करेल, पण ते माझ्या एकटीकडं राहणार नाही.

"आई," मी म्हणाले, "गुरुवारीच बंद झालं हुतं. मला ठावं हुतं. डॉक्टरनं सांगितलं हुतं मला."

आईनं मान हलवली.

"मला बी ठावं हुतं," ती म्हणाली. "त्या नर्सबाईनं निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं हुतं. रिकामी झाली की त्याच दिशी आना."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं तिची सुजलेली बोटं पदरात गुंडाळली. अगदी साध्या आवाजात, रोजचं काहीतरी सांगावं तसं ती म्हणाली, "तू गप बसलीस. मला वाटलं, तुला बी तेच पायजे आसंल."

माझा हात उठला. तो मी उचलला असं मला म्हणता येत नाही, पण तो माझाच होता. तिच्या कानाखाली असा बसला की ती दगडावरून खाली कलंडली. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला मारलं.

ती ओरडली नाही. उठून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि मान थोडी पुढं काढून दुसऱ्या थपडेची वाट बघत राहिली.